बारा पूर्ण झाली, आता पूर्ण तिकीट: रोजच्या प्रसंगांतून मुलांना चांगलं वागणं कसं शिकवायचं

"एक लेडीज, एक हाफ," मी कंडक्टरला म्हटलं. सांगली-विटा एसटी, मे महिन्यातली दुपार, गाडीचा पत्रा तापलेला. कंडक्टरने मशीनवरचा अंगठा थांबवला आणि माझ्या मुलाकडे पाहिलं. "किती वर्षांचा?" मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलून गेले, "अकरा." मार्चमध्ये त्याला बारा पूर्ण झाली होती.

तासगाव मागे पडल्यावर खिडकीकडे तोंड करूनच त्याने विचारलं, "आई, मग मार्चमध्ये आपण कितवा वाढदिवस केला?"

मी एकोणीस वर्षं हायस्कुलात शिकवते. परिपाठाला खरं बोलण्यावर कितीदा बोलले असेन, मोजता येणार नाही. आणि चाळीस-पन्नास रुपयांसाठी मी माझ्या मुलाचं एक वर्ष कमी करून टाकलं होतं. विटा यायच्या आधी मी त्याला हाक मारली, सोबत घेऊन कंडक्टरच्या सीटपाशी गेले आणि म्हटलं, "मुलगा बाराचा झालाय. मघाशी मी चुकीचं सांगितलं, फरक घ्या." त्याने मशीनमधून आणखी एक हाफ काढलं, पैसे घेतले आणि पुढच्या माणसाकडे वळला. एवढंच. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराचा चेहरा मी पाहिला, आणि हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे.

माझं म्हणणं एकच आहे. चांगलं वागायचं तर काहीतरी सोडावं लागतं: पैसे, मार्क, वेळ, कधी चारचौघांतली इभ्रत. ते सोडताना मुलाने आपल्याला पाहिलं पाहिजे, किंवा त्याने स्वतः ते सोडलं पाहिजे. ज्यात काहीच गेलं नाही तो धडा मुलाच्या अंगी लागत नाही, मग आपण त्यावर कितीही छान बोलू. असे प्रसंग आठवड्याला दहा-बारा तरी येतात. ते आले की नेमकं काय करायचं, ते पुढे सांगते.

आधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा

मुलाला काही शिकवायला जाऊ नका. घरातल्या हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान घ्या आणि मुलाच्या देखत आपण जे जे करतो ते रात्री दोन ओळींत लिहा. दारात कुणी आलं तर "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." दवाखान्यात नंबर असताना ओळखीच्या कंपाउंडरला खूण करून आधी आत जाणं. शाळेतल्या सरांबद्दल जेवताना काढलेले उद्गार. रात्री उशिरा, रस्ता मोकळा आहे म्हणून ओलांडलेला लाल सिग्नल. मी लिहिलं तेव्हा सात दिवसांत एक पान पुरलं नाही.

या पानावरचं एकच काहीतरी पहिल्यांदा निवडा. सोपं हवं असेल तर शाळेतल्या रजेच्या अर्जापासून सुरुवात करा. माझ्या टेबलावर वर्षाला शंभरेक अर्ज येतात आणि "ताप आल्यामुळे" हे त्यातलं सर्वांत लाडकं कारण. मामाचं लग्न असतं, जत्रा असते, गावाकडे पेरणीची घाई असते. मूल आईने सांगितलेलं खोटं कारण स्वतःच्या अक्षरात लिहितं, खाली वडील सही करतात. खोटं लेखी द्यायचं आणि त्यावर मोठ्या माणसाची सही घ्यायची, हे ते चौथी-पाचवीतच शिकतं. पुढच्या वेळी सरळ लिहायला लावा: "मामाच्या लग्नाला गेल्यामुळे दोन दिवस गैरहजर होतो." बाई रागावल्या तर रागावतील. आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगते, असा खरा अर्ज आला तर त्या मुलाला वर्गात उभं करू नका. आपण खऱ्याला शिक्षा आणि तापाला सहानुभूती देतो, म्हणून तर सगळ्यांना ताप येतो.

तिकीट

नियम साधा आहे. एसटीत ५ वर्षांपर्यंत तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांपर्यंत अर्धं. रेल्वेतही ५ ते १२ हीच मर्यादा. (१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांचा प्रवास तसाही स्वस्त झालाय. तरी हाव सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगते.)

बारावा वाढदिवस झाला की त्याच दिवशी मुलाला सांगा, "आजपासून तुझं पूर्ण तिकीट." हे ओझं म्हणून सांगू नका. एवढं मोठं झाल्याची पावतीच आहे ती. त्यानंतरच्या पहिल्या प्रवासात तिकिटाचे पैसे मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच बोलू द्या. कंडक्टरने वय विचारलं नाही, अंगकाठी बारीक म्हणून आपणहून हाफ काढायला लागला, तरी मुलानेच म्हणायचं, "काका, फुल. बारा पूर्ण झाली." तुम्ही मध्ये पडायचं नाही. आपलं मूल अडखळतंय असं दिसलं की आपल्या तोंडून वाक्य निसटतं, तेवढं दातांखाली धरून ठेवा.

जास्तीचे सुट्टे पैसे

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात संध्याकाळी सातला गर्दी असते. मुलगी तेल आणि साबण आणायला गेली, पाचशेची नोट दिली, आणि दुकानदाराने गडबडीत शंभर रुपये जास्त परत दिले. घरी येऊन तिने पैसे टेबलावर ठेवले आणि तुम्हाला ते कळलं. आता काय करायचं, तर:

तिलाच हिशेब करू द्या. बिल आणि नोटा समोर ठेवा, "किती यायला हवे होते?" एवढंच विचारा. आकडा तिच्या तोंडून आला पाहिजे. मग "आता काय करूया?" असं विचारून थांबा. ती "उद्या देऊ" म्हणेल. उद्यावर टाकू नका, चपला घाला. दुकानापर्यंत सोबत जा, पण बाहेर थांबा. आत तिनेच जायचं आणि वाक्य तिचंच हवं: "काका, मघाशी शंभर जास्त दिलेत तुम्ही." दुकानदार बहुतेक वेळा खूश होतो, एखादं चॉकलेट पुढे करतो. ते घ्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. काही वेळा तो वर मान करून बघतही नाही, नोट गल्ल्यात टाकतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो. तेही चांगलंच. कौतुक झालं नाही तरी पैसे परत करायचेच असतात, हे त्यातून कळतं.

पैसे आधीच खर्च झाले असतील, वडापाव आणि पेनात गेले असतील, तर तुम्ही भरून टाकू नका. तुम्ही दुकानदाराला आज पैसे द्या आणि तिच्या खाऊच्या पैशातून दर आठवड्याला वीस-वीस वळते करा. पाच आठवडे लागले तरी चालतील. कॅलेंडरवर खूण करत जा.

याची दुसरी बाजू आपण विसरतो. पैसे कमी आले तरी मुलाने मागायला शिकलं पाहिजे. "काका, दहा कमी आलेत," हे न घाबरता, न भांडता सांगता आलं पाहिजे. गुमान बसणारं मूल म्हणजे चांगलं मूल, असं मला वाटत नाही. उद्या दुसऱ्याच्या हक्काचे दहा रुपये कुणी बुडवत असेल तेव्हाही ते गुमानच बसेल.

मोबाइलवरून चुकून पैसे आले तर मात्र जरा सावध राहा, कारण "चुकून पाठवले, परत करा" म्हणून फसवणारेही आहेत. आधी बँकेच्या खात्यात रक्कम खरंच जमा झाली आहे का ते मुलाला सोबत घेऊन बघा. मेसेजवर विसंबू नका. कुणी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, बँकेला कळवा आणि बँक सांगेल त्या मार्गाने परत करा. प्रामाणिक माणसाने भोळं असायलाच हवं असं नाही, हेही मुलाला यातून कळतं.

रस्त्यात सापडलेल्या वस्तूचंही असंच. मोबाइल सापडला तर बंद करू नका, चार्ज करून ठेवा, कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. नाही आला तर पोलीस ठाण्यात द्या आणि मुलाला सोबत न्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते. "सापडलं त्याचं झालं" हा खेळातला नियम झाला, कायद्यातला नाही.

दोन मार्क

हा प्रसंग माझ्या वर्गातला. आठवीच्या गणिताचे पेपर दाखवायचा दिवस. पोरं बेरीज तपासत होती, कारण बाईंनी एखादा मार्क खाल्ला असेल तर तो वसूल करायचा असतो. एक मुलगी टेबलापाशी आली, पेपर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "बाई, बेरीज चुकलीय. दोन जास्त पडलेत." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गप बस की!"

७१ होते, ६९ होणार होते. पहिला नंबर जाणार होता. माझ्या जिभेवर आलं होतं, "राहू देत, खरं बोललीस त्याचं बक्षीस समज." पण मी लाल पेनने ७१ खोडून ६९ केले, तिच्याकडे पाहून "बरं केलंस सांगितलंस" म्हटलं आणि पेपर परत दिला. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, पोरगी स्वतःहून सांगायला आली, तरी कापलेत?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. मार्क तसेच ठेवले असते तर वर्गातल्या पस्तीस पोरांना कळलं असतं की खरं सांगणं ही एक युक्ती आहे, तिने मार्कही राहतात आणि शाबासकीही मिळते. पुढच्या वेळी दहा जण आले असते. तिने जे केलं ते युक्ती नव्हती. दोन मार्क जातील हे माहीत असून ती आली होती, आणि ते गेले म्हणूनच तिच्या येण्याला किंमत राहिली. वडील निघताना म्हणाले, "पटतंय, पण वाईट वाटतंय." मलाही वाटत होतं.

पण त्या संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. सगळ्या वर्गाचे पेपर परत गोळा करून बेरजा पुन्हा तपासल्या. तीन चुका निघाल्या, त्यातली एक अशा मुलाच्या तोट्याची होती जो कधीच काही विचारायला उठत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या दुरुस्त केल्या आणि चूक माझी होती असं सांगितलं. मुलाने खरं बोलून झळ सोसली की मोठ्यांनीही आपली बाजू चोख करायची असते. नाहीतर मुलाला वाटतं, हे सगळे नियम आपल्यासारख्या लहानांसाठीच आहेत.

घरी मूल असं काही सांगत आलं तर "मग मार्क कापले का?" हा पहिला प्रश्न विचारू नका. "तू उठून सांगायला गेलास तेव्हा कसं वाटलं?" हे विचारा, आणि ते सांगेपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवा.

फुटलेली काच आणि शेंगांची टरफलं

टिळकांची शेंगांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. ती ऐकताना आपले डोळे अभिमानाने चमकतात. आणि घरात आपलंच मूल "मी नाही केलं, मी माफी मागणार नाही" म्हणालं की आपण म्हणतो, "उलट बोलतोस?"

तेव्हा कुणी काच फोडली, कुणी लाडू संपवले, असा प्रसंग आला की दोन गोष्टी पाळा. उत्तर तुम्हाला ठाऊक असेल तर प्रश्न विचारू नका. "काच कुणी फोडली?" असं, सगळं बघून झाल्यावर विचारणं म्हणजे मुलासाठी सापळा लावणं, घाबरलेलं मूल खोटं बोलतं आणि मग आपण त्याला खोटारडं ठरवतो. त्यापेक्षा सरळ म्हणा, "चेंडू तुझ्याकडून गेला, मी बघितलं. चल, काकूंकडे जाऊन सांगू आणि काच बसवणाऱ्याला विचारू किती लागतील." आणि उत्तर ठाऊक नसेल तर मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवा, अगदी पुढे फसल्याचं कळलं तरी. एकदा फसवलं गेलेलं परवडतं. खरं सांगूनही कुणी मानत नाही असं मुलाला वाटायला लागलं, की ते खरं सांगणंच सोडून देतं.

खरं सांगितलं म्हणून सगळं माफ, असं मात्र नाही. काचेचे पैसे द्यायचेच, दोन संध्याकाळ खेळ बंद असेल तर बंदच. फक्त खरं सांगितल्याबद्दल आवाज वाढता कामा नये.

वेगळा कप

याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायलाच हवं. अनेक घरांत धुणी-भांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, ओट्याच्या खालच्या फळीवर पालथा ठेवलेला. त्याबद्दल कुणी कधी काही बोलत नाही. पण तीन वर्षांचं मूलही कोणता कप कुणाचा ते अचूक सांगतं. त्याच घरातलं मूल सकाळी शाळेत प्रतिज्ञेत म्हणतं, "प्रत्येकाशी सौजन्याने वागेन."

तो कप आज काढून टाका. मुलाला समजावत बसू नका, मावशींना रोजच्याच कपात चहा द्या आणि तुम्हीही तिथेच बसून प्या. मुलाने विचारलं तर खरं सांगा: "आपण चुकीचं करत होतो." मावशींना, वॉचमनकाकांना, पार्सल घेऊन येणाऱ्या दादांना "अहो" म्हणायची सवय घरात लावा, आणि ती तुमच्यापासून लावा. चौथ्या मजल्यावर जिना चढून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं काम मुलाला द्या. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना "माऊली" म्हणतात आणि वय, जात, घराणं न बघता पाया पडतात. ते बघायला मुलांना पालखीच्या रस्त्यावर जरूर न्या. पण आधी घरातला कप बदला.

गाडीची चावी

नववी-दहावीत क्लास लांब असतो, आणि मग आई-बाबाच स्कूटरची चावी हातात ठेवतात. "गल्लीतूनच जा, पोलीस नसतात." १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, घरोघरी असलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मला दंडापेक्षा "पोलीस नसतात" हे वाक्य जास्त टोचतं. नियम कुणी बघत असेल तरच पाळायचा, हे आपण चावीबरोबर देतो. सायकल द्या, बस द्या, आळीपाळीने सोडायला जा. मूल हट्ट करेल, "सगळे जातात" म्हणेल. तिथे "नाही" म्हणा, आणि स्वतः कोपऱ्यावर भाजी आणायला जातानाही हेल्मेट घाला.

रस्त्यात अपघात दिसला तर "आपल्याला काय करायचंय, भानगड नको" म्हणत मुलाचा हात ओढू नका. १०८ ला फोन करायला मुलालाच सांगा, जागा आणि जखमी किती ते त्यालाच बोलू द्या. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून त्याच कायद्यात कलम १३४अ आहे; स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती मदत करणाऱ्यावर करता येत नाही.

चांगलं वागल्यावर काय करू नये

मुलाने पैसे परत केले की त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवू नका. आत्याला, मावशीला त्याच्या देखत फोन करून सांगू नका. त्या क्षणी ते काम मुलाचं राहत नाही, तुमचं होतं, आणि पुढच्या वेळी ते बघणाऱ्यांसाठी केलं जातं. बक्षीस नको, आइस्क्रीम नको. रात्री दिवा घालवताना "आज दुकानात गेलास ते मला आवडलं" एवढं पुरे.

आणि आपण चुकलो तर माफी मागा, मुलाची. "तू त्रास दिलास म्हणून मी ओरडले" ही माफी नाही. "मी विनाकारण ओरडले, माझं चुकलं," यात "पण" येऊ देऊ नका. मला हे जमायला फार वर्षं लागली. आमच्या लहानपणी मोठ्या माणसाने मुलाची माफी मागितलेली मी एकदाही पाहिली नव्हती.

पुन्हा खोटं बोललं तर

बोलेल. एसटीच्या त्या प्रवासानंतर तीन आठवड्यांनी माझ्या मुलाने गृहपाठ झाला म्हणून सांगितलं आणि वही कोरी निघाली. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते: "कंडक्टरपुढे मी मान खाली घालून गेले, आणि तू..." तेवढं वाक्य गिळायचं. जुना चांगला प्रसंग काठीसारखा वापरला की मूल तो प्रसंगच विसरू बघतं. त्या रात्री फक्त कोऱ्या वहीबद्दल बोलायचं, ती पूर्ण होईपर्यंत शेजारी बसायचं, आणि एसटीचं नावही काढायचं नाही.